शॉपफ्लोरवरचे नाव आणि टॅरिफमधले नाव: कस्टम्स वर्गीकरणात तांत्रिक शब्दाचा अर्थ कसा लावायचा

भोसरीत कुठल्याही जॉबवर्कवाल्याकडे 'सीएनसी' म्हटले की लेथ समजतात आणि 'व्हीएमसी' म्हटले की उभ्या स्पिंडलचे मशिन. परचेस ऑर्डरवर हेच शब्द जातात, सप्लायरच्या इन्व्हॉइसवर तेच छापून येतात आणि तिथून जसेच्या तसे बिल ऑफ एन्ट्रीत, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरायच्या कागदात, उतरतात. कस्टम्स टॅरिफमध्ये, म्हणजे माल आणि त्यावरची ड्यूटी यांच्या सरकारी यादीत, मात्र 'व्हीएमसी' नावाचे मशिन नाही. तिथे 'मशिनिंग सेंटर' आहे, आणि त्याचा अर्थ टॅरिफने स्वतःच लिहून ठेवला आहे. वर्गीकरणातल्या बऱ्याच नोटिसा या दोन नावांमधल्या फटीतून येतात. चाकण, रांजणगाव, तळेगाव भागातल्या कारखान्यांत आयातीचे काम परचेस किंवा अकाउंट्सकडे असते. त्यांना डोळ्यासमोर ठेवून ही पद्धत मांडली आहे.

पाया थोडक्यात. आयातीचे टॅरिफ म्हणजे कस्टम्स टॅरिफ अ‍ॅक्ट, १९७५ चे पहिले शेड्यूल. ते वर्ल्ड कस्टम्स ऑर्गनायझेशनच्या हार्मोनाइज्ड सिस्टिमवर, म्हणजे एचएसएनवर, बेतलेले आहे. आठ अंकी कोडमधले पहिले सहा अंक जगभर सारखे, शेवटचे दोन आपले. पहिले दोन अंक म्हणजे चॅप्टर, चार म्हणजे हेडिंग, सहा म्हणजे सबहेडिंग. त्यामुळे जर्मन सप्लायरने इन्व्हॉइसवर टाकलेल्या कोडचे पहिले सहा अंक फार तर इशारा म्हणून घ्यायचे, आणि तेही त्याने २०२२ ची आवृत्ती वापरली आहे ना हे पाहून. 'सप्लायरने हाच कोड दिला होता' हे उत्तर सुनावणीत टिकत नाही.

अर्थ शोधण्याचा क्रम

एखाद्या शब्दाचा अर्थ कुठून घ्यायचा याची उतरंड ठरलेली आहे. सर्वांत वर टॅरिफची स्वतःची व्याख्या: सेक्शन नोट, चॅप्टर नोट, सबहेडिंग नोट. ती असली की बाजारात काय म्हणतात, शब्दकोश काय सांगतो, बीआयएस मानकात काय लिहिले आहे, यापैकी काहीच तिच्यावर मात करत नाही. व्याख्या नसेल तर एचएसएनच्या एक्स्प्लनेटरी नोट्स, म्हणजे हेडिंगवारीची अधिकृत स्पष्टीकरणे, पाहायची. त्या कायदा नाहीत, पण टॅरिफ एचएसएनवर बेतलेले असल्यामुळे वादाच्या वेळी त्यांचा आधार घ्यावा, असे सुप्रीम कोर्टाने १९९५ च्या वुड क्राफ्ट प्रॉडक्ट्स निकालात सांगितले आहे. त्यानंतर शब्द कोणत्या संगतीत आला आहे ते बघून एक तर शास्त्रीय अर्थ, नाही तर व्यापारातला अर्थ. शब्दकोश सगळ्यात शेवटी.

शास्त्रीय की व्यापारी, हे दोन निकाल शेजारी ठेवले की लवकर कळते. १९६१ चा अकोल्याचा निकाल विक्रीकराचा आहे, पण आजही कस्टम्सच्या युक्तिवादात निघतो. विड्याची पाने 'भाजी'त मोडतात का, असा प्रश्न होता. वनस्पतिशास्त्राने काहीही म्हटले तरी मंडईत पानाला कोणी भाजी म्हणत नाही, म्हणून ती भाजी नव्हे. याउलट १९९० च्या अकबर बदरुद्दीन जीवानी निकालात मुद्दा संगमरवराचा होता. हेडिंग २५१५ मध्ये मार्बल, ट्रॅव्हर्टाइन यांच्या जोडीला 'अपॅरंट स्पेसिफिक ग्रॅव्हिटी २.५ किंवा अधिक' अशी अट आहे. असा आकडा ज्या ओळीत आहे, तिथला शब्द भूशास्त्राचा; फरशीवाला कशाला मार्बल म्हणतो ते तिथे चालत नाही, असे कोर्टाने धरले. खूण सोपी आहे: हेडिंगमध्ये टक्के, मिलिमीटर, घनता, तापमान दिसले की अर्थ प्रयोगशाळेतला.

पहिली पायरी: मालाची फाइल

टॅरिफ उघडण्याआधी वस्तू समजून घ्या. प्रत्येक पार्ट नंबरसाठी ड्रॉइंग, डेटाशीट, मटेरियलचे टेस्ट सर्टिफिकेट (टीसी), कॅटलॉगचे पान आणि शक्य असल्यास फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. मग डिझाइन किंवा मेंटेनन्सच्या माणसाला चार प्रश्न विचारा. कशाचा बनला आहे, टक्केवारीसह? काय काम करतो? कोणत्या अवस्थेत येतो: पूर्ण, अर्धवट, सुटा, किटमध्ये? दुसऱ्या कुठल्या मशिनला किंवा गाडीला बसतो का? शेवटचा प्रश्न हमखास राहून जातो आणि पार्ट्सच्या वादात नेमका तोच विचारला जातो.

दुसरी पायरी: हेडिंगचा मजकूर आणि नोट्स शब्दशः वाचा

टॅरिफचा अर्थ लावण्याच्या जनरल रूल्सपैकी रूल १ सांगतो की सेक्शन आणि चॅप्टरची शीर्षके केवळ संदर्भाच्या सोयीसाठी आहेत; वर्गीकरण ठरते ते हेडिंगच्या मजकुरावर आणि नोट्सवर. एकच हेडिंग निवडून त्याचे समर्थन शोधत बसू नका. जी दोन-तीन लागू होतील असे वाटते ती लिहा आणि प्रत्येकाच्या सेक्शन नोटपासून सुरुवात करा. एक्स्क्लूजन, म्हणजे काय वगळले आहे ते, आधी वाचा, व्याख्या नंतर.

वाचताना काही शब्दांवर पेन्सिल टेकवा. 'ऑफ अ काइंड यूज्ड' म्हणजे त्या प्रकारचा माल साधारणपणे ज्यासाठी बनतो तो उपयोग. तुमच्या कारखान्यात तो कुठे लागला याला महत्त्व नाही. हेडिंगच उपयोगाबद्दल बोलत नसेल तर उपयोगावरून वर्गीकरण करता येत नाही, हे १९७५ च्या डनलॉप निकालापासून पक्के आहे. 'सोललि ऑर प्रिन्सिपली' याचा अर्थ केवळ किंवा मुख्यत्वे. 'बसतो' एवढ्याने भागत नाही. अर्धविरामाकडेही लक्ष हवे. ८४७१ मध्ये 'नॉट एल्सव्हेअर स्पेसिफाइड' ही अट अर्धविरामानंतरच्या यंत्रांना आहे. ती आधीच्या कॉम्प्युटरला लावून लोक माल उगाच भलत्या हेडिंगमध्ये हाकलतात.

तीन शब्द, जवळून

*पोलाद.* वर्कशॉपमध्ये 'अ‍ॅलॉय स्टील' हा ढोबळ शब्द आहे. चॅप्टर ७२ च्या नोट १ मध्ये ती आकड्यांची यादी आहे. स्टेनलेस म्हणजे कार्बन १.२ टक्के किंवा कमी आणि क्रोमियम १०.५ टक्के किंवा जास्त. इतर अ‍ॅलॉय स्टीलसाठी एकाच मूलद्रव्याने मर्यादा गाठली तरी पुरे: क्रोमियम ०.३, निकेल ०.३, मॉलिब्डेनम ०.०८, मँगनीज १.६५, सिलिकॉन ०.६, शिसे ०.४, व्हॅनेडियम ०.१, बोरॉन ०.०००८ टक्के, आणि अशीच आणखी काही. टीसी हातात घेऊन ओळीने ताडून पाहा. ईएन८ या पोलादाच्या ग्रेडमध्ये कार्बन ०.४ च्या आसपास आणि मँगनीज १ टक्क्यापर्यंत, म्हणून ते नॉन-अ‍ॅलॉय. गरम रोल केलेला बार ७२१४ मध्ये. ईएन२४ मध्ये निकेल, क्रोमियम, मॉलिब्डेनम तिन्ही मर्यादेच्या वर, म्हणून ७२२८.

खरी गंमत ईएन१एएलमध्ये आहे. त्यात शिसे मुद्दाम घातलेले असते, साधारण ०.१५ ते ०.३५ टक्के. शिसे दिसले की 'अ‍ॅलॉय' म्हणून मोकळे होणारे बरेच. पण अ‍ॅलॉयची मर्यादा ०.४ आहे, ती गाठली जात नाही. दुसरीकडे सबहेडिंग नोटमध्ये 'फ्री-कटिंग स्टील'ची वेगळी व्याख्या आहे: शिसे ०.१ टक्के किंवा जास्त, किंवा गंधक ०.०८ टक्के किंवा जास्त. म्हणून या मालाचा ब्राइट बार नॉन-अ‍ॅलॉय फ्री-कटिंग, ७२१५ १०.

बोरॉनची चूक दशांशचिन्हाची असते. ०.०००८ टक्के म्हणजे ८ पीपीएम, दहा लाखांत आठ भाग. फास्टनरच्या वायर रॉडच्या टीसीवर बोरॉन कधी टक्क्यात असतो, कधी पीपीएममध्ये. शिवाय मानकांमध्ये बोरॉन स्टीलची खालची मर्यादा ५ पीपीएम असू शकते. म्हणजे ६ पीपीएमचा हीट (भट्टीत एका वेळी वितळवलेली पोलादाची खेप) मिलच्या भाषेत बोरॉन स्टील, आणि टॅरिफच्या भाषेत, बाकी मूलद्रव्ये मर्यादेखाली असतील तर, नॉन-अ‍ॅलॉय. एकाच कन्साइनमेंटमध्ये दोन हीट दोन बाजूंना पडल्या तर बिल ऑफ एन्ट्रीत दोन ओळी कराव्यात. सरासरी काढू नये.

'पट्टी' या शब्दाचेही तसेच. सरळ लांबीत आलेला माल 'फ्लॅट-रोल्ड' ठरायला जाडी ४.७५ मिमीपेक्षा कमी असेल तर रुंदी जाडीच्या किमान दहा पट हवी, जाडी ४.७५ किंवा जास्त असेल तर रुंदी १५० मिमीच्या वर आणि जाडीच्या किमान दुप्पट हवी. ४० बाय ३ ची पट्टी फ्लॅट-रोल्ड, ४० बाय ५ ची पट्टी बार. रॅकवर शेजारी ठेवलेल्या, पण हेडिंग वेगळे.

*रबर.* लवचिक आणि काळे दिसले की स्टोअरमध्ये त्याला रबर म्हणतात. चॅप्टर ४० ची नोट ४ सिंथेटिक रबरची परीक्षाच घेते. पदार्थ अनसॅच्युरेटेड असावा; गंधकाने व्हल्कनाइज केल्यावर तो पुन्हा न वितळणारा व्हावा; १८ ते २९ अंश सेल्सिअसला मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटू नये; आणि दुप्पट ताणून सोडल्यावर पाच मिनिटांत दीडपटीच्या आत परत यावा. इथे एक चूक सर्रास होते. लोक तयार गॅस्केट ताणून बघतात. ही चाचणी मूळ पॉलिमरवर घ्यायची असते. क्रॉस-लिंकिंगला लागणारी द्रव्ये चालतात, पण फिलर, प्लास्टिसायझर, एक्स्टेंडर नकोत. तयार सीलमध्ये कार्बन ब्लॅक आणि तेल भरपूर असते, त्यामुळे ते ताणून आलेल्या आकड्याला अर्थ नाही.

सिलिकॉनची ओ-रिंग या परीक्षेत बसत नाही. ती गंधकाने व्हल्कनाइज होणारी अनसॅच्युरेटेड वस्तू नाही, आणि एचएसएनच्या नोट्स सिलिकॉन इलॅस्टोमरला ३९१० मध्ये घेतात. म्हणून बोलताना ती 'रबर रिंग' असली तरी तिचा विचार प्लास्टिकच्या वस्तूंच्या ३९२६ मध्ये होतो, रबरच्या ४०१६ मध्ये नाही. थर्मोप्लास्टिक इलॅस्टोमरच्या (टीपीई) सीललाही तोच न्याय. स्टोअरमध्ये पहिला अंदाज घ्यायचा तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक लावा: टीपीई वितळून तार धरते, व्हल्कनाइज्ड रबर वितळत नाही. सिलिकॉन जाळले की पांढरी राख उरते. हा केवळ अंदाज. फाइलमध्ये एनएबीएल मान्यतेच्या लॅबचा एफटीआयआर रिपोर्टच, म्हणजे पॉलिमर ओळखणाऱ्या इन्फ्रारेड चाचणीचा अहवाल, लागतो.

*मशिनिंग सेंटर.* चॅप्टर ८४ ची नोट ४ म्हणते की ८४५७ मध्ये धातूवर काम करणारी, लेथ आणि टर्निंग सेंटर सोडून, वेगवेगळ्या प्रकारची मशिनिंग कामे करणारी यंत्रे येतात. एक अट अशी की प्रोग्रॅमप्रमाणे मॅगझिनमधून, म्हणजे मशिनवरच्या टूलच्या साठ्यातून, टूल आपोआप बदलले पाहिजे; युनिट हेड आणि ट्रान्स्फर मशिनसाठी दुसरे दोन पर्याय आहेत. तेव्हा कॅटलॉगमध्ये आधी टूल मॅगझिनचे पान शोधा. एटीसी (ऑटोमॅटिक टूल चेंजर) असलेले व्हीएमसी ८४५७ १०. दिसायला तसेच, पण टूल हाताने बदलावे लागते, ते सीएनसी मिलिंग मशिन, ८४५९. आणि टर्न-मिल? त्यात मिलिंग स्पिंडल आहे, मॅगझिन आहे, कामे पाच प्रकारची होतात, म्हणून लोक ८४५७ लिहितात. पण मुळात ते टर्निंग सेंटर, म्हणजे लेथच्या जातीचे, असेल तर नोट त्याला नावानिशी बाहेर काढते. ते ८४५८.

'कंट्रोलर' या शब्दाबाबत एवढेच: आपोआप नियंत्रण करणाऱ्या उपकरणांच्या ९०३२ मध्ये जायला मोजणारा भाग, हव्या मूल्याशी तुलना करणारा भाग आणि त्यावरून क्रिया सुरू-बंद करणारा भाग, असे तिन्ही लागतात. पीएलसी (प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर) ८५३७ मध्ये. डब्यावर 'प्रोसेस कंट्रोलर' छापले म्हणून ९०३२ होत नाही.

व्याख्याच नसेल तेव्हा

'पोर्टेबल'चे उदाहरण घ्या. ८४७१ ३० मध्ये १० किलोपर्यंतची पोर्टेबल यंत्रे येतात. ऑल-इन-वन डेस्कटॉपचे वजन त्याहून कमी, म्हणून ते पोर्टेबल, अशी कस्टम्स खात्याची बाजू होती. न्हावा शेवाच्या या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये आयातदाराची बाजू मान्य केली: वजन ही एक अट झाली, पण रोजच्या वापरात सहज बरोबर नेता येणे हाही शब्दाचा अर्थ आहे. त्याच निकालात विकिपीडियासारख्या स्रोतांवर भिस्त ठेवण्याबद्दल सावध केले आहे. तुमच्या टिपणात विकिपीडियाचे पान जोडलेले असेल तर काढा आणि त्या जागी कॅटलॉग, तज्ज्ञाचे मत, त्याच धंद्यातल्या दोन-तीन खरेदीदारांची पत्रे लावा. व्यापारातला अर्थ हा पुराव्याने सिद्ध करायचा असतो.

हेडिंगच्या वादात सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर असते. सवलतीच्या नोटिफिकेशनमध्ये उलटे: २०१८ च्या दिलीप कुमार निकालानुसार संदिग्धतेचा फायदा सरकारला मिळतो. म्हणून एकच शब्द हेडिंगमध्ये आणि नोटिफिकेशनमध्ये आला तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे तपासा.

पार्ट्स: पुण्याचे खरे दुखणे

गाडीला लागतो म्हणून ८७०८ (मोटारींचे भाग), हे चाकण पट्ट्यातले सर्वांत महागडे वाक्य असावे. एचएसएनप्रमाणे सेक्शन १७ मध्ये, म्हणजे वाहनांच्या सेक्शनमध्ये, भाग जायला तीन अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागतात: नोट २ ने वगळलेला नसावा, केवळ किंवा मुख्यत्वे त्या वाहनासाठीच योग्य असावा, आणि दुसरीकडे अधिक नेमकेपणाने उल्लेखलेला नसावा. नोट २ ची यादी भिंतीवर लावण्यासारखी आहे. कुठल्याही पदार्थाचे जॉइंट आणि वॉशर, व्हल्कनाइज्ड रबरच्या वस्तू, सेक्शन १५ मधले 'पार्ट्स ऑफ जनरल यूज' म्हणजे नट-बोल्ट, स्प्रिंग, कडी-कोयंडे, तसेच ८४८२ चे बेअरिंग आणि चॅप्टर ८५ ची विद्युत उपकरणे, ही सगळी बाहेर.

निकाल दोन्ही बाजूंना आहेत. मोटारीच्या मॅटिंगचे वर्गीकरण २०२० च्या युनि प्रॉडक्ट्स निकालात ५७०३ मध्ये, म्हणजे कार्पेटमध्ये झाले. २०२१ च्या वेस्टिंगहाउस सॅक्सबी निकालात रेल्वे सिग्नलचे रिले 'सोललि ऑर प्रिन्सिपली'च्या जोरावर रेल्वे सिग्नलिंगच्या ८६०८ मध्ये गेले. तो निकाल दाखवून सगळेच भाग वाहनाच्या हेडिंगमध्ये न्यायची लाट आली, तेव्हा सीबीआयसीने, म्हणजे अप्रत्यक्ष करांच्या केंद्रीय बोर्डाने, जानेवारी २०२२ मध्ये अधिकाऱ्यांना सूचना काढली की प्रत्येक मालाचा निर्णय वस्तुस्थिती आणि सर्व नोट्स पाहून व्हावा. एका निकालाच्या आधाराने शंभर पार्ट नंबर हलवू नयेत.

उरलेल्या पायऱ्या

एवढे करूनही दोन हेडिंग शिल्लक राहिली तरच रूल ३: आधी अधिक नेमके वर्णन, मग मालाला मूळ स्वरूप देणारा घटक, तेही न ठरले तर क्रमाने शेवटचे हेडिंग. बरेच जण सुरुवातच रूल ३ पासून करतात. रूल १ वर सुटलेल्या प्रश्नात तो आणायचा नसतो. हेडिंग ठरल्यावर रूल ६ प्रमाणे सबहेडिंग. टॅरिफमध्ये वर्णनाआधी डॅश असतात; एका डॅशच्या ओळीची तुलना एका डॅशशी, दोनची दोनशी. सरळ आठ अंकी ओळीवर उडी मारली की 'अदर'ची (इतर) ओळ चुकते.

मग एक पानाचे टिपण लिहा: वस्तू काय, कोणती हेडिंग विचारात घेतली, कोणती नोट कुठे लागू झाली, कोणते हेडिंग का नाकारले, पुरावा कोणता, तारीख आणि सही. बिल ऑफ एन्ट्रीतले वर्णन या टिपणाशी जुळले पाहिजे. 'रबर रिंग फॉर मशिन' असे न लिहिता 'सिलिकॉन ओ-रिंग, व्यास इतका, पार्ट नंबर अमुक' असे लिहा. कारण सेल्फ-असेसमेंट (स्वतःच ड्यूटी ठरवणे) कस्टम्स कायद्याच्या कलम १७ खाली तुमचेच असते. कलम २८ खाली मागणी साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावी लागते, पण माहिती दडवली किंवा हेतुतः चुकीची दिली असे ठरले तर पाच. नेमके वर्णन आणि त्या दिवशीचे टिपण हीच त्या 'दडवली'विरुद्धची ढाल.

माल आल्यावरही रचना किंवा घटकाची शंका असेल तर कलम १८ खाली प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती, असेसमेंट मागा, सॅम्पल लॅबला जाऊ द्या. बाँड द्यावा लागतो, पण कंटेनर अडकत नाही. सॅम्पल काढताना हीट नंबर किंवा बॅच नंबर पंचनाम्यात नोंदवला जातो ना हे तुमच्या सीएचएला (कस्टम्सचे काम करणाऱ्या ब्रोकरला) बघायला सांगा. माल वारंवार येणार असेल तर आयातीपूर्वीच मुंबईच्या कस्टम्स अ‍ॅडव्हान्स रूलिंग अथॉरिटीकडे अर्ज करा. फी १०,००० रुपये, निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित, आणि कायदा किंवा वस्तुस्थिती न बदलल्यास तो कायद्याने ठरवलेल्या मुदतीपर्यंत लागू. हाच प्रश्न तुमच्याच बाबतीत अधिकाऱ्यासमोर किंवा ट्रिब्युनलसमोर आधीच पडून असेल तर ही वाट बंद.

चूक तुमच्याच विरुद्ध झाली, म्हणजे जास्त ड्यूटीचे हेडिंग लावून माल सोडवला, तर नुसता रिफंडचा अर्ज करून पैसे मिळत नाहीत. २०१९ च्या आयटीसी निकालानुसार सेल्फ-असेसमेंट हीसुद्धा असेसमेंटची ऑर्डरच आहे. आधी ती अपिलात किंवा कायद्याने दिलेल्या दुसऱ्या मार्गाने बदलून घ्यावी लागते. कमिशनर अपील्सकडे त्यासाठी ६० दिवस असतात, सबळ कारण दाखवले तर आणखी ३०. म्हणून नव्या पार्ट नंबरचा पहिला कन्साइनमेंट सुटला की त्याच महिन्यात टिपण आणि बिल ऑफ एन्ट्री समोरासमोर ठेवून पुन्हा वाचा.